पीकसंरक्षण : औषध, मात्रा आणि जबाबदारी



पीक पेरल्यापासून ते घरात येईपर्यंतचा काळ हा शेतकऱ्याच्या कसोटीचा काळ होय. बियाणे चांगले मिळाले, खत वेळेवर पडले, पावसानेही साथ दिली, एवढे सारे जुळून आले तरी पीक पदरात पडेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पानाच्या मागे दडलेला, डोळ्यांना जेमतेम दिसणारा तुडतुडा किंवा बोंडाच्या आत शिरलेली अळी साऱ्या कष्टांवर पाणी फिरवू शकते. विदर्भातील कापूस बहुतांशी कोरडवाहू आहे. खरिपाचा एक हंगाम हातचा गेला की दुसरा लगेच मिळत नाही. कर्जाची फेड, मुलांचे शिक्षण, घरातील लग्नकार्य ही सारी त्या एका पिकाच्या वेचणीवर अवलंबून असतात. म्हणूनच पीकसंरक्षण हा केवळ कृषिशास्त्राचा विषय नसून ग्रामीण जीवनाच्या स्थैर्याचाही विषय आहे.

आपल्याकडे शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. हा शब्द त्याने सहज स्वीकारला आहे आणि तो सार्थही आहे. मात्र औषध म्हटले की निदान, वेळ, मात्रा आणि पथ्य ही चार अंगे आलीच. ती सांभाळली तर हे रसायन पिकाचे औषध ठरते. ती सुटली तर मूळचे विष तेवढे शिल्लक राहते. या चार अंगांच्या आधाराने नागपूर आणि सभोवतालच्या जिल्ह्यांतील अनुभव पाहिला, तर पीकसंरक्षणाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी ध्यानात येतील.

निदान : कीड वेगळी, रोग वेगळा

पिकाचे नुकसान करणारे शत्रू एका जातीचे नाहीत. मावा, तुडतुडे, फुलकिडे व पांढरी माशी या रसशोषक किडी पानांतील रस शोषतात. बोंडअळी, घाटेअळी, खोडमाशी व चक्रीभुंगा यांच्या अळ्या पिकाचा भाग कुरतडतात किंवा पोखरतात. रोगांचा प्रकार निराळा आहे. काही रोग बुरशीमुळे, काही जिवाणूंमुळे, तर काही विषाणूंमुळे होतात. कीटकनाशकाने बुरशी मरत नाही आणि बुरशीनाशकाने अळी मरत नाही. ही गोष्ट ऐकताना साधी वाटते. परंतु पिवळे पडलेले पान दाखवून ‘यावर काहीतरी द्या’ असे दुकानात सांगितले जाते आणि मिळेल ते फवारले जाते, हेही तितकेच खरे आहे. पान पिवळे पडण्याची कारणे अनेक असतात. कधी अन्नद्रव्यांची कमतरता असते, कधी मुळांशी पाणी साचलेले असते, कधी कीड असते, तर कधी रोग असतो.

सोयाबीनवरील पिवळा मोझॅक या रोगाचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. २०२३ च्या खरिपात विदर्भातील सोयाबीनला या रोगाने मोठा तडाखा दिला. हा रोग विषाणूजन्य असून पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. एकदा विषाणूने झाडात प्रवेश केला की त्याला बरे करणारे औषध नाही. रोगट झाडे दिसताच उपटून नष्ट करणे, पांढऱ्या माशीचा वेळीच बंदोबस्त करणे आणि पुढील हंगामात रोगास कमी बळी पडणारे वाण निवडणे एवढेच उपाय हाती राहतात. निदान चुकले तर बुरशीनाशकावर झालेला खर्च वाया जातो आणि माशी मात्र शेजारच्या शेतात रोग नेऊन पोहोचविते. भिवापूरच्या मिरचीवरील चुरडामुरडा, म्हणजे ज्याला शेतकरी बोकड्या म्हणतात, त्याबाबतही असेच घडते. आकसलेल्या पानामागे फुलकिडे आहेत की कोळी आहेत, हे भिंगातून पाहिल्याशिवाय योग्य औषध ठरविता येत नाही.

संत्र्याची बाग आणि बोर्डो मिश्रण

योग्य निदानावर योग्य औषध पडले तर ते किती उपकारक ठरते, याचा पुरावा काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरूड आणि मोर्शी या भागांतील संत्र्याच्या बागांमध्ये पाहावयास मिळतो. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या नागपुरी संत्र्याचा एक जुना शत्रू म्हणजे डिंक्या रोग. फायटॉप्थोरा नावाची बुरशी ओलसर जमिनीतून मुळांवर व बुंध्यावर हल्ला करते. साल कुजते, तिच्यातून डिंक ओघळतो, पाने पिवळी पडतात आणि फळांनी लदलेले झाड हळूहळू वाळते.

या रोगावरील उपायांमध्ये बोर्डो मिश्रणाचे स्थान मोठे आहे. त्याचा जन्म फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत झाला. रस्त्यालगतच्या वेलींवरील द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून तेथील बागायतदार वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर पाणी शिंपडीत. अशा वेलींवर केवडा रोग येत नाही, ही गोष्ट बोर्डो विद्यापीठातील प्राध्यापक मिलार्दे यांच्या दृष्टीस पडली. त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ साली या मिश्रणाची माहिती प्रसिद्ध केली. त्यानंतर सुमारे १४० वर्षे लोटली, तरी जगभरच्या फळबागांमध्ये हे मिश्रण वापरले जाते.

एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागते. दोन्ही द्रावणे निरनिराळ्या भांड्यांत तयार करून तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतावीत व सतत ढवळावीत. भांडे लोखंडी नसावे. तयार मिश्रणात लोखंडी खिळा किंवा चाकूचे पाते बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर चढला तर मिश्रणात मोकळे तांबे उरले आहे असे समजून आणखी चुन्याची निवळी मिसळावी. एरवी पाने भाजतात. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. बुंध्याला लावावयाच्या बोर्डो मलमासाठी हेच प्रमाण १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी असे असते. पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यानंतर एकदा ते बुंध्याला सुमारे एक मीटर उंचीपर्यंत लावण्याची शिफारस आहे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवली पाहिजे. बोर्डो मिश्रण प्रामुख्याने प्रतिबंधक आहे. तांब्याचा अंश बुरशीचे बीजाणू रुजू देत नाही. परंतु आत शिरलेल्या रोगावर त्याचा फारसा प्रभाव पडत नाही. शिवाय पाणी थेट बुंध्याला भिडत राहिले तर मलमाचा उपयोगही अपुरा ठरतो. त्यासाठी बुंध्याभोवती दुहेरी आळे करून बाहेरच्या आळ्यातून पाणी द्यावे, निचऱ्यासाठी चर काढावेत आणि रोपवाटिकेतून रोगमुक्त कलमेच आणावीत, असा सल्ला दिला जातो. नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेने, जिची सुरुवात १९८५ साली राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून झाली, रोगमुक्त रोपांच्या निर्मितीवर जो भर दिला त्याचे कारण हेच आहे. औषध आणि मशागत ही एकाच गाडीची दोन चाके आहेत.

कापसाचा धडा

कापसाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. पॉल म्यूलर या स्विस शास्त्रज्ञाने १९३९ साली डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण शोधून काढला आणि १९४८ साली त्यास वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी कीटकांचा प्रश्न कायमचा मिटला असेच जगाला वाटले. पुढे स्फुरदयुक्त सेंद्रिय कीटकनाशके आली आणि १९८० च्या सुमारास कृत्रिम पायरेथ्रॉइड औषधे भारतात आली. सुरुवातीस त्यांचा परिणाम डोळ्यांत भरण्यासारखा होता. एका फवारणीत अळ्या खाली पडत. परंतु १९८७ मध्ये आंध्र प्रदेशाच्या किनारी भागात अमेरिकन बोंडअळी पायरेथ्रॉइडना दाद देईनाशी झाली. औषध दुप्पट झाले, फवारण्या वाढल्या, खर्च वाढला; अळी मात्र राहिली. बीटी कापूस येण्यापूर्वीच्या काळात देशातील लागवडीच्या सुमारे ५ टक्के क्षेत्रावर असलेल्या कापसासाठी देशातील जवळजवळ निम्मी कीटकनाशके खर्ची पडत असत.

असे का घडते? हजारो अळ्यांमध्ये मोजक्या अळ्या अशा असतात की त्यांच्या अंगी ते विष पचविण्याची शक्ती निसर्गतःच असते. फवारणीने बाकीच्या मरतात आणि त्या मोजक्या उरतात. पुढची पिढी त्यांचीच वाढते. तेच औषध पुन्हा पुन्हा मारले की ही निवड अधिकच जोमाने होते. त्याच फवारणीत ढालकिडा, क्रायसोपा, परोपजीवी गांधीलमाशी हे मित्रकीटकही मरतात. म्हणजे शत्रूतील बलवान तेवढे जगतात आणि आपला पहारेकरी मारला जातो. नागपूर येथे १९७६ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने कीटकांच्या या प्रतिकारशक्तीचा सखोल अभ्यास केला आणि औषधांचा क्रम कसा बदलावा, कोणत्या टप्प्यावर कोणते औषध टाळावे, याचे मार्गदर्शन कापूस उत्पादक राज्यांना केले.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसास मान्यता मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचा बीटी कापूस आला. अमेरिकन बोंडअळीवरील फवारण्या त्यामुळे निश्चितच घटल्या. तथापि निसर्गाचा नियम येथेही बदलला नाही. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर बीटी बियाणे दिले जात असे. ते शेताच्या कडेने पेरावे आणि तेथे बीटी प्रथिनाची सवय नसलेल्या अळ्या जगाव्यात, म्हणजे प्रतिकारक अळ्यांचा संकर त्यांच्याशी होऊन प्रतिकारशक्ती विरळ राहील, असा त्यामागील विचार होता. पुष्कळ शेतांवर ते लहान पाकीट पेरलेच गेले नाही. परिणामी गुलाबी बोंडअळी, जिला जुने शेतकरी शेंदरी बोंडअळी म्हणतात, ती प्रथम गुजरातेत आणि नंतर महाराष्ट्रात बीटी कापसास पुरून उरली. २०१७ च्या हंगामात विदर्भातील कापूस उत्पादकांना तिने जबर नुकसान पोहोचविले.

ही अळी परकी नाही. भारतातील कापसावर आढळलेल्या नमुन्यांवरूनच १८४३ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रथम झाले. तिचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. अंड्यातून बाहेर पडताच ती फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते आणि शिरलेले छिद्र बुजून जाते. आत गेलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. बाहेरून बोंड हिरवेगार दिसते. फोडले की आतील सरकी पोखरलेली आणि रुई डागाळलेली आढळते. अशा किडीबाबत केवळ पंप आणि औषध यांवर विसंबणे म्हणजे चोर घरात शिरल्यानंतर अंगणात पहारा ठेवण्यासारखे आहे.

वेळ : पाहणी आणि आर्थिक नुकसानीची पातळी

फवारणी केव्हा करावी, या प्रश्नाचे उत्तर पंचांगात किंवा शेजाऱ्याच्या शेतात शोधावयाचे नसून स्वतःच्या शेतात शोधावयाचे असते. शेतात चार किडी दिसल्या की फवारणी करावी, असे शास्त्र सांगत नाही. किडीमुळे होणाऱ्या नुकसानीचे मोल फवारणीच्या खर्चाहून अधिक होऊ लागण्यापूर्वी जी पातळी येते तिला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. कापसावर प्रति पान २ ते ३ तुडतुडे किंवा सुमारे १० मावा अथवा फुलकिडे आढळणे ही अशी पातळी समजली जाते. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ किंवा अधिक पतंग सापडले, अथवा फुलांमध्ये १० टक्के डोमकळ्या दिसल्या, अथवा हिरव्या बोंडांपैकी १० टक्के किडलेली निघाली, तर उपाययोजना करावी. एकरातून निरनिराळ्या झाडांवरील २० हिरवी बोंडे तोडून फोडावीत. त्यांत २ बोंडे किडलेली निघाली की ही पातळी गाठली गेली. एवढे गणित चौथीतील विद्यार्थ्यालाही येते.

पाहणीचे महत्त्व शासनालाही अनुभवातूनच पटले. २००८ च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यातील सोयाबीनवर तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचा प्रचंड उद्रेक झाला आणि पाहता पाहता शेतांत पानांच्या शिरा तेवढ्या उरल्या. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, ज्यास क्रॉपसॅप म्हणून ओळखले जाते, सुरू झाला. ठरावीक गावांतील शेतांची नियमित पाहणी करून नोंदी गोळा करणे, त्यांवरून धोक्याची गावे ओळखणे आणि शेतकऱ्यांपर्यंत सल्ला पोहोचविणे हे त्याचे स्वरूप. रोगाची साथ पसरल्यावर इस्पितळ उघडण्याऐवजी ती येण्यापूर्वी सूचना देणारी ही व्यवस्था आहे.

किडीची नेमकी अवस्था ओळखून फवारणी करणे हेही वेळेचेच अंग आहे. संत्र्यावरील काळी माशी, जिच्यामुळे कोळशी पसरते, तिच्या वर्षातून तीन पिढ्या होतात. अंडी उबण्याच्या सुमारास निघालेली कोवळी पिल्ले औषधाने मरतात. नंतरच्या अवस्थांवर तेच औषध निष्प्रभ ठरते. म्हणून निम्मी अंडी उबली असता पहिली आणि पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी सांगितलेली असते. २०२० च्या मे महिन्यात मध्य प्रदेशातून आलेली टोळधाड अमरावती, वर्धा व नागपूर जिल्ह्यांत शिरली, तेव्हाही वेळेचाच उपयोग झाला. टोळ रात्री झाडांवर विसावतात आणि सकाळी ऊन चढल्यावर उडतात, हे जाणून ते बसलेले असतानाच ट्रॅक्टरवरील यंत्रांनी आणि अग्निशमनाच्या गाड्यांनी फवारणी करण्यात आली. अशा प्रसंगी रासायनिक औषधास पर्याय नसतो, हेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

फवारणीपूर्वीची कामे

एकात्मिक कीड व्यवस्थापन या संज्ञेचा अर्थ औषधांना विरोध असा नाही. औषध हे शेवटचे शस्त्र आहे. त्यापूर्वीची शस्त्रे आधी वापरावीत, असा तिचा अर्थ आहे. उन्हाळ्यात खोल नांगरट केल्याने जमिनीतील कोष उघडे पडतात आणि पक्षी व ऊन त्यांचा नाश करतात. जूनपूर्वी कापसाची लागवड केली तर गुलाबी बोंडअळीस लवकर फुले मिळतात. म्हणून पूर्वहंगामी लागवड टाळावी. फरदड घेऊ नये. डिसेंबर-जानेवारीपर्यंत पीक संपवून पऱ्हाट्या शेतातून हलवाव्यात, कारण वाळलेल्या बोंडांत आणि सरकीत ही अळी सुप्तावस्थेत पुढील हंगामाची वाट पाहत असते. जिनिंग कारखान्यांच्या आवारातील किडकी सरकी नष्ट करणे आणि तेथे सापळे लावणे हेही तितकेच आवश्यक आहे.

रसशोषक किडींसाठी प्रथम पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. ५ किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी गाळावी, त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा मिसळावा आणि एकूण १०० लिटर द्रावण करावे. निंबोळ्या गावातच मिळतात. जून-जुलैत त्या वेचून सावलीत वाळविल्या तर कुटुंबास थोडी मजुरीही मिळते. बोंडअळीची अंडी नष्ट करणाऱ्या ट्रायकोग्रामा या परोपजीवी कीटकाची कार्डे, तूर-हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी विषाणूजन्य औषध, पक्ष्यांसाठी शेतातील पक्षीथांबे हे उपाय अल्प खर्चाचे आहेत. एवढे करूनही पातळी ओलांडली तरच शिफारस केलेले रासायनिक औषध, तेही पाळीपाळीने बदलून वापरावे.

मात्रा आणि पथ्य : यवतमाळची शिकवण

आता चौथ्या आणि सर्वांत नाजूक अंगाकडे वळू या. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी व शेतमजूर विषबाधेने इस्पितळात दाखल होऊ लागले. रुग्णांची संख्या शेकड्यांत गेली. एकट्या त्या जिल्ह्यात वीसच्या वर माणसे दगावली. काहींच्या दृष्टीवर परिणाम झाला. शासनाने विशेष तपास पथक नेमले, पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली, आणि हा प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेला.

ज्या परिस्थितीत हे घडले ती समजून घेणे अगत्याचे आहे. त्या वर्षी कापसाची झाडे पुरुषभर उंच वाढली होती. फवारणारा मनुष्य झाडांच्या मधून चालत होता आणि फवारा त्याच्या तोंडावर, छातीवर येत होता. हवेत दमटपणा व उकाडा होता. घामाने भिजलेली त्वचा विष चटकन शोषून घेते. जोरदार फवारा उडविणारे यांत्रिक पंप हाती होते. दोन-तीन औषधे, त्यांत भर म्हणून वाढवर्धके, असे मिश्रण एकाच पंपात कालविले जात होते. हातमोजे, चष्मा, तोंडावर आवरण यांपैकी काहीही नसे. मुख्य म्हणजे फवारणारे पुष्कळजण स्वतः शेताचे मालक नव्हते. ते रोजाने काम करणारे मजूर होते. दिवसभर एका शेतावर, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शेतावर, असे सलग कित्येक दिवस ते फवारत राहिले. औषधाची निवड त्यांच्या हाती नव्हती, डब्यावरील मजकूर त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता. विष मात्र प्रथम त्यांच्याच अंगावर पडत होते.

स्फुरदयुक्त कीटकनाशके मज्जातंतूंच्या कार्यात बाधा आणतात. ज्या क्रियेने ती कीटकास मारतात तीच क्रिया माणसाच्या शरीरातही घडते. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, डोळ्यांपुढे अंधारी, लाळ व घाम सुटणे, मळमळ, पोटात कळा, धाप लागणे ही लक्षणे दिसताच काम थांबवावे. रुग्णास मोकळ्या हवेत आणून अंगावरील कपडे काढावेत, साबण व भरपूर पाण्याने अंग धुवावे आणि विलंब न लावता दवाखान्यात न्यावे. जाताना औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी बरोबर न्यावी. ॲट्रोपिन हे इंजेक्शन या गटावर उपयोगी आहे. पण प्रत्येक कीटकनाशकावर उतारा असतोच असे नाही, म्हणून डॉक्टरांना औषधाचे नाव कळणे अत्यावश्यक आहे.

डब्यावरील त्रिकोण प्रत्येकाने ओळखलाच पाहिजे. लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे कमी विषारी. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक असा अर्थ नव्हे. मात्रा नेहमी डब्यावरील चिठ्ठीप्रमाणे मापानेच घ्यावी. झाकणाच्या अंदाजाने घेऊ नये. औषधाचे प्रमाण क्षेत्रावर ठरलेले असते, पाणी मात्र पंपाच्या प्रकाराप्रमाणे कमी-अधिक लागते, हे समजून घ्यावे. वाऱ्याच्या दिशेने फवारावे, विरुद्ध नव्हे. भर दुपारी व उपाशीपोटी फवारणी करू नये. चोंदलेली तोटी तोंडाने फुंकू नये. रिकामा डबा पाणी पिण्यास वा धान्य ठेवण्यास वापरू नये. फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करावी, हा प्रतीक्षाकाल फळे व भाजीपाल्याच्या बाबतीत काटेकोरपणे पाळावा. ती भाजी आपल्याच बाजारात, आपल्याच मुलांच्या ताटात येते.

कायद्याचा आधार

१९५८ साली केरळात अन्नपदार्थांत पॅरॅथिऑन हे कीटकनाशक मिसळले जाऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या चौकशी आयोगानंतर विचारविनिमय होऊन १९६८ साली कीटकनाशके अधिनियम संमत झाला आणि १९७१ साली त्याखालील नियम करण्यात आले. नोंदणीशिवाय उत्पादन नाही, परवान्याशिवाय विक्री नाही, नमुने घेऊन तपासणी, डब्यावर इशारा, फवारणाऱ्यास संरक्षक कपडे ही सारी त्यातील तत्त्वे होत. अनुभव येत गेला तसे निर्बंधही आले. डी.डी.टी.चा शेतीतील वापर १९८९ साली थांबला, मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर २००५ साली बंद झाला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०११ साली एन्डोसल्फानवर बंदी आली. मात्र कायदा दुकानाच्या दारापर्यंत येऊन थांबतो. पुढे शेताच्या धुऱ्यापर्यंत त्याला नेण्याचे काम माणसांनीच करावयाचे असते.

गावाची जबाबदारी

हे काम येथे उपस्थित असलेल्या तिन्ही घटकांचे आहे. ग्रामपंचायतीने फवारणीच्या हंगामापूर्वी ग्रामसभेत हा विषय घ्यावा. गावात रोजाने फवारणी करणारे कोण आहेत याची यादी करावी, त्यांची वैद्यकीय तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातून करून घ्यावी आणि हातमोजे, चष्मे, तोंडावरील आवरणे यांचा संच पंचायतीत ठेवून तो गरजूंना वापरावयास द्यावा. शेतमालकाने मजुरीबरोबर हे संरक्षणही दिले पाहिजे, असा ठराव करण्यास मोठा निधी लागत नाही. पऱ्हाट्या नष्ट करणे आणि फरदड न घेणे हे निर्णयही गावानेच एकत्र घ्यावेत. एकाने शेत स्वच्छ केले आणि शेजाऱ्याने केले नाही, तर पतंगाला बांध अडवीत नाही.

शिक्षकांची कामगिरी याहून मोलाची आहे. ज्या घरात वडील डब्यावरील मजकूर वाचू शकत नाहीत, तेथे शाळेत जाणारी मुलगी तो वाचू शकते. त्रिकोणाचे चार रंग, वीस बोंडांची पाहणी, सापळ्यातील पतंगांची मोजणी हे विषय गणितात व विज्ञानात सहज सामावतील. मुलांना मात्र फवारणीपासून आणि औषधाच्या साठ्यापासून दूरच ठेवले पाहिजे, हे पालकांना सांगण्याचे कामही शिक्षकांचेच आहे.

अधिकाऱ्यांनी विक्रेत्यांच्या दुकानांची तपासणी, पक्क्या पावतीचा आग्रह, नमुन्यांची चाचणी आणि आरोग्य केंद्रांतील औषधसाठा यांकडे हंगामापूर्वीच लक्ष पुरवावे. शेतकऱ्याला सल्ला देणारा विक्रेता आणि माल विकणारा विक्रेता एकच असतो, ही अडचण ओळखून शिफारशीचा कागद कृषी विभागाचा वा कृषी विद्यापीठाचा असेल, अशी व्यवस्था करावी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशी आणि नागपूरच्या संशोधन संस्थांचे सल्ले मराठीतून उपलब्ध होतात. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवता येईल.

पीकसंरक्षणाने शेतकऱ्याला मोठे बळ दिले आहे, यात शंका नाही. बोर्डो मिश्रणाने बागा वाचविल्या, वेळीच केलेल्या फवारणीने टोळधाड रोखण्यास मदत झाली, सर्वेक्षणाने उद्रेकाची आगाऊ सूचना मिळू लागली. परंतु जे औषध पीक वाचविते आणि ते फवारणाऱ्या माणसाचा घात करते, त्याला यश म्हणता येणार नाही. पीक आणि माणूस ही दोन्ही वाचली तरच पीकसंरक्षण हा शब्द सार्थ ठरेल. येत्या हंगामात पहिला पंप पाठीवर चढण्यापूर्वी प्रत्येक गावाने एवढा विचार करावा आणि त्याप्रमाणे कृती करावी, हीच अपेक्षा.